१८ विरुद्ध १८ : त्रिनिदादमधला नऊ महिन्यांचा पेच

१० डिसेंबर २००१ रोजी त्रिनिदाद आणि टोबॅगो या कॅरिबियनमधल्या जोडबेटांच्या देशात मतदान झालं. मतमोजणी संपली तेव्हा ३६ जागांच्या प्रतिनिधिगृहात सत्ताधारी युनायटेड नॅशनल काँग्रेसकडे, म्हणजे यूएनसीकडे, १८ जागा होत्या आणि विरोधातल्या पीपल्स नॅशनल मूव्हमेंटकडे, पीएनएमकडे, बरोबर १८. तिसऱ्या कुणाकडे काहीच नाही. ना अपक्ष, ना छोटा पक्ष. ज्याच्या दारात मध्यरात्री गाड्या लावाव्यात असा एकही खासदार शिल्लक नव्हता.

त्रिशंकू सभागृह आपल्याला नवीन नाही. पण त्रिशंकू अवस्थेत निदान कुणीतरी तिसरा असतो, त्याच्याशी बोलता येतं, सौदा करता येतो, त्याला शिव्या घालता येतात. इथे दोघंच, तेही तंतोतंत सारखे. अशा वेळी पंतप्रधान कोण हे ठरवायचं काम तिथली घटना राष्ट्रपतींच्या विवेकावर सोडते. राष्ट्रपतींनी निर्णय दिला, पंतप्रधानाचा शपथविधी झाला, मंत्रिमंडळ कामाला लागलं आणि त्यानंतर साडेनऊ महिने देशाला सरकार होतं पण चालणारी संसद नव्हती. कायदा कुणी मोडला नाही. रस्त्यावर लष्कर उतरलं नाही. म्हणूनच हे प्रकरण बारकाईने पाहण्यासारखं आहे.

दोन पक्ष, दोन पट्टे

त्रिनिदाद आणि टोबॅगोची लोकसंख्या साधारण १३ लाख. २००० च्या जनगणनेत भारतीय वंशाचे लोक ४० टक्क्यांच्या आसपास होते, आफ्रिकी वंशाचे त्यांच्याहून थोडे कमी, आणि पाचवा हिस्सा मिश्र वंशाचा. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून गिरमिट्यांना घेऊन त्रिनिदादला लागलं. पुढची सत्तरेक वर्षं अशी जहाजं येत राहिली. हे लोक मुख्यतः भोजपुरी आणि अवधी बोलणाऱ्या मुलखातले होते. त्यांना उसाच्या मळ्यांवर आणलं गेलं ते गुलामगिरी संपल्यावर मजूर कमी पडू लागले म्हणून. म्हणजे दोन्ही समाज एकाच मळ्यावर, एकाच मालकापायी आले, पण वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या अटींवर. तिथल्या राजकारणातली फट बरीचशी इथूनच सुरू होते.

पीएनएम हा एरिक विल्यम्स यांचा पक्ष. विल्यम्स इतिहासकार. पोर्ट ऑफ स्पेनमधल्या वुडफर्ड चौकात ते हजारोंच्या गर्दीपुढे राजकारणावर व्याख्यानं देत, आणि त्या चौकाला लोक विद्यापीठच म्हणू लागले. १९५६ मध्ये सत्तेवर आलेला हा पक्ष ३१ ऑगस्ट १९६२ च्या स्वातंत्र्यासह सलग तीस वर्षं टिकला. लाल शर्ट आणि बॅलिसियरचं लालभडक फूल ही त्याची ओळख. राजधानीपासून पूर्वेला अरिमापर्यंत जाणारा दाट वस्तीचा पट्टा, तिथले कामगार, सरकारी नोकर, मुख्यतः आफ्रिकी वंशाचे मतदार, हे त्याचं घर. यूएनसीचा रंग पिवळा, चिन्ह उगवता सूर्य. तिचा गड मध्य आणि दक्षिण त्रिनिदादमधला उसाचा मुलूख : कौवा, चगुआनास, सिपारिया.

म्हणजे ३६ पैकी बहुतेक मतदारसंघांचा निकाल मतदानाआधीच ठाऊक असायचा. लढत व्हायची ती चार-पाच काठावरच्या जागांवर : टुनापुना, बराटारिया-सान हुआन, सान फर्नांडो वेस्ट, ऑर्टॉयर-मायारो. आणि टोबॅगो या धाकट्या बेटाच्या दोन जागा, ज्या त्रिनिदादच्या या हिशेबात कधी धड बसल्याच नाहीत. देशाच्या निवडणुकीचा खरा खर्च, खरी सभाबाजी आणि खरी भांडणं एवढ्याशा जागेत व्हायची. दोन्ही बाजू जवळजवळ तुल्यबळ आणि एकूण जागांची संख्या सम. बरोबरी हा अपघात नव्हता, ती कधीतरी होणारच होती. १९९५ मध्ये ती होता होता राहिली होती.

मराठी वाचकाला इथे एक मोह होतो. यूएनसीचे नेते आणि २००१ च्या निवडणुकीवेळचे पंतप्रधान बासदेव पांडे. हे नाव वाचलं की ते ‘आपले’ वाटू लागतात आणि मग सगळं प्रकरण भारतीय विरुद्ध इतर असं दिसायला लागतं. पांडे १९९७ च्या प्रजासत्ताक दिनाला दिल्लीत प्रमुख पाहुणे होते, त्यामुळे हा मोह आणखी बळावतो. पण त्यांना सत्तेतून खाली खेचायला सुरुवात केली ती त्यांच्याच पक्षातल्या तिघांनी, रमेश लॉरेन्स महाराज, ट्रेव्हर सुदामा आणि राल्फ मराज यांनी. नावांवरूनच कळेल की वंशाचा चष्मा इथे फार लांबचं दाखवत नाही.

तीन माणसं आणि त्यांचा जुना हिशेब

राष्ट्रपती होते आर्थर नेपोलियन रेमंड रॉबिन्सन. टोबॅगोचे. स्वातंत्र्यानंतरचे पहिले अर्थमंत्री, विल्यम्स यांचे एके काळचे उजवे हात, पुढे १९७० मध्ये पक्षाबाहेर. १९८६ मध्ये सगळे विरोधक एकत्र येऊन नॅशनल अलायन्स फॉर रिकन्स्ट्रक्शन ही आघाडी झाली आणि तिने पीएनएमला ३३ विरुद्ध ३ असं लोळवलं. पंतप्रधान झाले रॉबिन्सन. परराष्ट्रमंत्री झाले साखर कामगारांचे नेते, वकील बासदेव पांडे.

हा संसार दोन वर्षंही टिकला नाही. १९८८ मध्ये रॉबिन्सन यांनी पांडे यांना मंत्रिमंडळातून काढून टाकलं. पांडे यांनी १९८९ मध्ये यूएनसी उभी केली. २७ जुलै १९९० रोजी जमात अल मुस्लिमीन या सशस्त्र गटाने संसदेच्या इमारतीवर, रेड हाऊसवर, कब्जा केला आणि पंतप्रधानांसह अनेकांना ओलीस धरलं. रॉबिन्सन यांना मारहाण झाली. सैन्याला माघार घ्यायला सांगा म्हणून बंदूक रोखली गेली, तर त्यांनी उलट सर्व ताकदीनिशी हल्ला करा असं सांगितलं. पायात गोळी खाल्ली. ओलीसनाट्य सहा दिवस चाललं. राज्यसंस्था म्हणजे काय, नीती म्हणजे काय याबद्दल या माणसाची जी काही मतं पुढे दिसतात, त्यामागे हे सहा दिवस आहेत हे विसरून चालणार नाही.

१९९१ मध्ये पीएनएम परत आली, भूगर्भशास्त्रज्ञ पॅट्रिक मॅनिंग यांच्या नेतृत्वाखाली. मॅनिंग यांनी १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये मुदतीआधीच निवडणूक लावली आणि ती त्यांच्या अंगाशी आली. पीएनएम १७, यूएनसी १७, आणि टोबॅगोच्या दोन्ही जागा रॉबिन्सन यांच्या उरल्यासुरल्या पक्षाकडे. ज्यांनी सात वर्षांपूर्वी पांडे यांना घरी पाठवलं होतं, त्याच रॉबिन्सन यांच्या दोन मतांवर पांडे देशाचे भारतीय वंशाचे पहिले पंतप्रधान झाले. परतफेडही झाली. १९९७ मध्ये पांडे यांच्या सरकारने रॉबिन्सन यांना राष्ट्रपतिपदावर बसवलं.

तिथे राष्ट्रपती म्हणजे आपल्यासारखाच घटनात्मक प्रमुख. सही करणारा, सल्ल्याने चालणारा. पांडे यांचा हिशेब असा असावा की एक अडचणीचा मित्र मानाच्या पदावर गेला की तो राजकारणातून गेला. हा हिशेब चुकला.

निवडणुकीच्या आधीची ठिणगी

११ डिसेंबर २००० च्या निवडणुकीत यूएनसीला १९, पीएनएमला १६ आणि रॉबिन्सन यांच्या जुन्या पक्षाला १ जागा मिळाली. पांडे यांना पहिल्यांदाच स्वबळावर बहुमत. मंत्रिमंडळ बनवताना त्यांनी निवडणूक हरलेल्या सात उमेदवारांना सेनेटवर घेऊन मंत्री करायचं ठरवलं. सेनेटच्या ३१ पैकी १६ जागा पंतप्रधानांच्या सल्ल्याने भरल्या जातात, त्यामुळे कायद्याने यात गैर काही नव्हतं. पण जनतेने नाकारलेल्यांना मागच्या दाराने आणणं लोकशाहीला धरून नाही असं म्हणत राष्ट्रपतींनी सहीच केली नाही. एक-दोन दिवस नाही, जवळजवळ दोन महिने. फेब्रुवारी २००१ मध्ये शेवटी त्यांनी माघार घेतली.

वर्षभरानंतर काय होणार याची चुणूक इथेच दिसते. रॉबिन्सन घटनेच्या कलमापेक्षा तिच्या आत्म्याला मोठं मानणारे होते, आणि आत्मा काय म्हणतो हे त्यांना स्वतःलाच ऐकू येत असे.

२००१ च्या मध्यापासून यूएनसीत उभी फूट पडत गेली. ॲटर्नी जनरल महाराज आणि त्यांचे दोन सहकारी भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून पांडे यांच्याशी भिडले. पियार्को विमानतळाच्या नव्या टर्मिनलच्या कंत्राटांची चर्चा तेव्हा गल्लोगल्ली होती. तिघे फुटले म्हणजे १९ चे १६ झाले, आणि पांडे अल्पमतात आले. त्यांनी सभागृह विसर्जित करण्याचा सल्ला दिला आणि एका वर्षाच्या आत देश पुन्हा मतदानाला गेला.

मतदार साडेआठ लाखांच्या घरात. यूएनसीला जवळजवळ ५० टक्के मतं पडली, पीएनएमला साडेशेचाळीसच्या आसपास. म्हणजे पांडे यांना सुमारे १९ हजार मतं जास्त. फुटिरांच्या ‘टीम युनिटी’ला अडीच टक्के मतं आणि एकही जागा नाही. काठावरचं टुनापुना यूएनसीकडून पीएनएमकडे सरकलं, टोबॅगोच्या दोन्ही जागा पीएनएमकडे गेल्या, आणि आकडा १८-१८ वर येऊन थांबला.

२४ डिसेंबरचा निर्णय

निकालानंतरच्या आठवड्यात दोन्ही नेते पोर्ट ऑफ स्पेनमधल्या क्राऊन प्लाझा हॉटेलात भेटले आणि त्यांनी एक समझोता केला. त्याचा गाभा असा की राष्ट्रपती ज्याची निवड करतील ती दोघांनाही मान्य. आज मागे वळून पाहताना वाटतं की पांडे यांनी यावर सही केली ती स्वतःच्या खात्रीवर. पद त्यांच्याकडे होतं, मतं त्यांची जास्त होती, आणि वेस्टमिन्स्टर पद्धतीत अशा वेळी चालू पंतप्रधानाला पहिली संधी देण्याचा रिवाज आहे. १९७४ मध्ये ब्रिटनमध्ये एडवर्ड हीथ यांच्या पक्षाला जागा कमी मिळूनही ते चार दिवस पदावर राहिले, उदारमतवाद्यांशी बोलून पाहिलं, जमलं नाही तेव्हाच गेले.

डिसेंबरचे ते दिवस त्रिनिदादमध्ये नाताळचे. घरोघरी स्पॅनिश वळणाच्या परांगच्या मैफली, सोरेलचं लाल सरबत, रममध्ये भिजवलेल्या सुक्या मेव्याचा काळा केक. २४ डिसेंबरला राष्ट्रपतींनी घोषणा केली : पंतप्रधान पॅट्रिक मॅनिंग. त्याच दिवशी शपथविधी.

कारण काय दिलं? ‘नैतिक आणि आध्यात्मिक मूल्यं’. हे शब्द रॉबिन्सन यांनी हवेतून काढले नव्हते, त्रिनिदादच्या घटनेच्या उद्देशिकेत ते आहेत. पण पंतप्रधान कसा नेमायचा हे सांगणारं कलम वेगळं आहे, ७६ वं. ते म्हणतं, ज्या पक्षाला सभागृहात बहुमताचा पाठिंबा आहे त्याच्या नेत्याला नेमा. असा पक्ष नसेल, तर राष्ट्रपतींच्या मते ज्या सदस्याला बहुमताचा पाठिंबा मिळण्याची सर्वाधिक शक्यता आहे त्याला नेमा. कसोटी पाठिंब्याची आहे. चारित्र्याची नाही, अध्यात्माची तर नाहीच.

पांडे यांचं एक वाक्य तिथे म्हणीसारखं झालं आहे : राजकारणाची स्वतःची वेगळी नीती असते. समर्थक ते हसून सांगत, विरोधक पुरावा म्हणून. रॉबिन्सन यांनी १५ वर्षं पांडे यांना जवळून पाहिलं होतं, सहकारी म्हणून, बंडखोर म्हणून, पंतप्रधान म्हणून. विमानतळाच्या आरोपांची फाइल समोर होती. त्यांच्या मनात निकाल काय असणार हे उघड आहे. आणि आरोपांपुरतं पाहिलं तर त्यांची चिंता खोटी होती असंही मला म्हणायचं नाही.

तरीही दिलेलं कारण चुकलं, असं माझं मत आहे. मॅनिंग यांची निवड कायद्याच्या चौकटीत बसवता आली असती. पांडे नुकतेच आपल्याच खासदारांचा पाठिंबा गमावून निवडणुकीला गेले होते, त्यांचा आलेख खाली जात होता, मॅनिंग यांचा पक्ष एकसंध होता. ‘पाठिंबा मिळण्याची शक्यता’ या शब्दांत हे सगळं मावलं असतं आणि कुणालाही त्यावर वाद घालता आला असता. मूल्यांचं कारण दिल्यावर वादाला जागाच उरली नाही. एका पक्षाच्या नेत्याला राष्ट्रपतींनी अनीतिमान ठरवलं, आणि त्याला मत देणाऱ्या निम्म्या देशाने ते स्वतःला उद्देशून ऐकलं. पांडे यांनी समझोता धुडकावला. हा निर्णय आपण मानत नाही, पुन्हा निवडणूक घ्या, असं ते म्हणू लागले.

शब्द देऊन फिरले म्हणून पांडे यांच्यावर टीका झाली, ती रास्तच आहे. पण त्यांनी पाळायचा शब्द दिला होता तो निवाड्याचा. निवाड्यासोबत प्रवचन येईल हे करारात नव्हतं.

सभापती कुठून आणायचा

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालाने एक गोष्ट पक्की केली : बहुमत राजभवनात मोजायचं नाही, सभागृहात मोजायचं. त्रिनिदादमध्येही तर्काने हेच व्हायला हवं होतं. नेमणूक झाली, आता सभागृह बोलवा, विश्वासदर्शक ठराव आणा, पडला तर पडला. अडचण अशी की सभागृह भरवण्यासाठी आधी सभापती लागतो.

निवडणुकीनंतरच्या पहिल्या बैठकीत सभापती निवडल्याशिवाय दुसरं कोणतंही काम हाती घ्यायचं नाही, असा तिथला घटनात्मक नियम. सभापती मंत्री नसलेल्या सदस्यांतून निवडता येतो किंवा सभागृहाबाहेरचा कुणी आणता येतो. आता गणित करा. एखाद्या पक्षाने आपला खासदार सभापतीच्या खुर्चीत बसवला की त्याच्या बाकावर १७ उरतात आणि समोर १८. म्हणजे आपला माणूस कुणीच देणार नाही. बाहेरचा आणायचा तर किमान एका विरोधी सदस्याने होकार द्यायला हवा. आणि यूएनसीने होकार का द्यावा? सभापती मिळाला की मॅनिंग यांचं सरकार कायदेशीर वाटेने चालू लागणार. सभापतीला दिलेलं मत हे प्रत्यक्षात सरकारला दिलेलं मत होतं.

घटनेप्रमाणे संसदेच्या दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नसतं. मॅनिंग यांनी ही मुदत जवळजवळ पूर्ण वापरली. फेब्रुवारीत कार्निव्हल येऊन गेला आणि ५ एप्रिल २००२ रोजी सभागृह पहिल्यांदा भरलं, शपथविधीनंतर तीन महिन्यांहून अधिक काळाने. खुर्चीजवळ सभागृहाचे सचिव. सरकारी बाजूने एक नाव सुचवायचं, मतदान घ्यायचं, बरोबरी, नाव पडलं. मग दुसरं. मग तिसरं. ज्यांच्याविषयी एरवी कुणाला आक्षेप नसता अशी माणसंही या यंत्रात पडत गेली, कारण प्रश्न त्यांच्या लायकीचा नव्हताच. सदस्य दुसऱ्या दिवशी पुन्हा जमले, तेच झालं आणि सगळे घरी गेले.

महाराष्ट्राच्या विधानसभेतही अध्यक्षपद फेब्रुवारी २०२१ पासून जुलै २०२२ पर्यंत रिकामं होतं, पण उपाध्यक्ष होते, अधिवेशनं झाली, अर्थसंकल्प मंजूर झाले. शिवाय निवडणुकीनंतरच्या पहिल्या दिवसासाठी आपल्याकडे हंगामी अध्यक्ष असतो, तो शपथा देतो आणि गाडी सुरू करून देतो. त्रिनिदादच्या रचनेत गाडी सुरू करायची किल्लीच एकमतावर ठेवलेली होती, आणि ती कुणाच्या लक्षात आलेली नव्हती, कारण त्याआधी प्रत्येक सभागृहात कुणाचं तरी बहुमत होतं.

मधल्या काळात सरकार काय करत होतं

सगळं काही. विधेयकं सोडून.

ही बाजू मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होतं. त्रिनिदादचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर. वर्षाच्या सुरुवातीला मंजूर झालेल्या पैशांवर नवं सरकार सप्टेंबरअखेरपर्यंत तग धरू शकत होतं. नेमणुका होत होत्या, योजना जाहीर होत होत्या. साफसफाई आणि पर्यावरणाच्या कामांतून स्थानिक ठेकेदारांमार्फत रोजगार देणारा सेपेप हा कार्यक्रम २००२ मध्येच सुरू झाला. विरोधकांनी त्याला पहिल्यापासून मतांची पेरणी म्हटलं, समर्थकांनी गरिबांना मिळालेला आधार. विमानतळ प्रकल्पाच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला, आणि त्याच्या बातम्या महिनोन्‌महिने छापून येत राहिल्या.

म्हणजे २४ डिसेंबरला राष्ट्रपतींनी मॅनिंग यांना फक्त पद दिलं असं नाही. तिजोरी दिली, चौकशीचा अधिकार दिला आणि सर्वांत मोठं म्हणजे कॅलेंडर दिलं. पुढची निवडणूक कधी घ्यायची हे आता त्यांच्या हातात होतं. बरोबरीच्या प्रसंगी ज्याला पहिली नेमणूक मिळते, त्याला पुढच्या डावात पाऊल पुढे टाकून उभं राहायला मिळतं. राष्ट्रपतींनी नेमणुकीसोबत सभागृह बोलावण्याची एक जवळची तारीख मागून घेतली असती, तर हा लाभ बराच कमी झाला असता. हे उपदेशाचं काम नव्हतं, अटीचं होतं.

पांडे यांच्या बाजूलाही पर्याय होता. सभापती निवडू द्यायचा आणि मग पहिल्याच ठरावावर सरकारला बरोबरीत गाठायचं. त्यांनी सभागृह बंद ठेवण्याचा मार्ग निवडला. त्यामुळे आपल्याच १८ खासदारांना प्रश्न विचारायची, सरकारी खर्चावर बोलायची जागा राहिली नाही. मॅनिंग यांच्यावर सर्वांत कमी देखरेख असलेले हे महिने पांडे यांनीच त्यांना मिळवून दिले, असं म्हटलं तर ते फार अन्यायाचं होणार नाही.

२८ ऑगस्टला सभागृह पुन्हा भरलं, सभापती पुन्हा मिळाला नाही. आता सप्टेंबरअखेर जवळ येत होती, नवा अर्थसंकल्प मांडायचा कुठे हा प्रश्न होता. सभागृह विसर्जित झालं. ७ ऑक्टोबर २००२ रोजी दोन वर्षांच्या आतली तिसरी निवडणूक झाली : पीएनएम २०, यूएनसी १६. ऑर्टॉयर-मायारो पीएनएमने जिंकलं. २००० मध्ये हीच जागा कॅलिप्सो गायक विन्स्टन ‘जिप्सी’ पीटर्स यांनी यूएनसीसाठी जिंकली होती, आणि उमेदवारीच्या वेळी त्यांच्याकडे अमेरिकेचंही नागरिकत्व होतं यावरून कोर्टकज्जे झाले होते. पीएनएमला आता जवळपास ५१ टक्के मतं होती, त्यामुळे कुणाला काही म्हणायला जागा राहिली नाही.

पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, सरकारने तोट्यातली कॅरोनी ही सरकारी साखर कंपनी गुंडाळायला घेतली. हजारो कामगारांना स्वेच्छानिवृत्ती. पांडे यांनी ज्या कामगार संघटनेतून राजकारण उभं केलं, तिची जमीन त्यांच्या पायाखालून गेली. कंपनी खरोखरच तोट्यात होती आणि दुसरं सरकार असतं तरी तिला हात घालावा लागला असता. पण उसाच्या पट्ट्यात आजही हे असं थंडपणे सांगितलं जात नाही.

दुरुस्ती

निवडणूक आणि सीमा आयोगाने मतदारसंघ ३६ वरून ४१ केले आणि २००७ ची निवडणूक त्यावर झाली. विषम संख्या, म्हणजे दोन पक्षांत बरोबरी अशक्य. त्या निवडणुकीत पीएनएमला २६ आणि यूएनसी आघाडीला १५ जागा मिळाल्या. ‘काँग्रेस ऑफ द पीपल’ या नव्या पक्षाला २२ टक्क्यांहून जास्त मतं आणि शून्य जागा. एक भोक बुजवलं तर दुसरं दिसलं. पण ७६ वं कलम जसंच्या तसं राहिलं. सभापतीचा नियमही.

त्याची किंमत २५ जानेवारी २०२१ रोजी टोबॅगोने मोजली. टोबॅगोला स्वतःची विधानसभा आहे, तेव्हा तिच्या निवडून द्यायच्या जागा होत्या १२. निकाल : पीएनएम ६, प्रोग्रेसिव्ह डेमोक्रॅटिक पेट्रियट्स ६. सभा भरली, पीठासीन अधिकारी निवडायला मतदान झालं आणि बरोबरी. पुन्हा मतदान, पुन्हा बरोबरी. वीस वर्षांपूर्वीचा रेड हाऊसमधला प्रयोग, फक्त छोट्या रंगमंचावर. आधीचे मुख्य सचिव (तिथे हा सनदी अधिकारी नसतो, टोबॅगोच्या सरकारचा राजकीय प्रमुख असतो) पीएनएमचे होते, ते पदावर राहिले. देशातल्या सत्ताधाऱ्यांनाही हे फार गैरसोयीचं नव्हतं, कारण तेही पीएनएमचेच.

पोर्ट ऑफ स्पेनच्या संसदेने कायदा बदलून टोबॅगोच्या जागा १२ च्या १५ केल्या. त्यावर विरोधकांनी बराच आरडाओरडा केला, सीमा नव्याने आखण्यात डाव आहे असंही म्हटलं गेलं. ६ डिसेंबर २०२१ रोजी मतदान झालं. दहा महिने वाट पाहिलेल्या टोबॅगोच्या मतदारांनी पेट्रियट्सना १४ जागा दिल्या आणि पीएनएमला १.